अर्जाची वाट सोपी कशी होईल?



ह्या रविवारच्या अभ्यासासाठी आम्ही जो विषय निवडला आहे तो प्रवचनात क्वचितच येतो, पण धर्मग्रामाच्या कार्यालयात मात्र वारंवार येतो. तो म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज. कोणाला नवरा गेल्यावर संजय गांधी योजनेत नाव घालायचे असते. कोणाच्या दिव्यांग मुलाचे प्रमाणपत्र अडलेले असते. कोणा आजोबांना आधार कार्डावरचे आणि बँकेतले नाव जुळत नाही म्हणून परत पाठवलेले असते. मदत योजनेत आहे, अर्थसंकल्पात तिच्यासाठी पैसा आहे, आणि तरीही ती मदत व गरजू माणूस ह्यांच्यामध्ये एक कागद उभा राहतो. ही वाट सोपी कशी होईल, त्यात सरकारचे काम कोणते आणि आपले कोणते, हे आपण क्रमाने पाहू.

१. योजना कोणत्या आहेत?

प्रथम थोडी माहिती. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. ६५ वर्षांखालील विधवा, दिव्यांग, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रिया, अनाथ मुले, दुर्धर आजाराने घरी बसलेले, तृतीयपंथी अशा निराधारांसाठी ती आहे. ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्याखाली दारिद्र्यरेषेखालील वृद्ध, विधवा व दिव्यांगांना पेन्शन मिळते. ८० वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा महिन्याला अवघा २०० रुपये आहे, बाकीचा भार राज्य उचलते. राज्याच्या योजनांची रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती २,५०० रुपये करण्यात आली.

पंधराशे रुपयांत लालबागला महिना निघत नाही, हे सांगायला नको. पण औषधे येतात, विजेचे बिल भरले जाते आणि मुख्य म्हणजे सुनेपुढे किंवा शेजाऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. म्हातारपणी स्वतःच्या नावाचे पासबुक असणे म्हणजे काय, हे ज्याच्याजवळ ते नाही त्यालाच कळते.

२. अर्जाला किंमत पडते

सरकारी अर्ज फुकट असतो असे आपण म्हणतो. ते खरे नाही. अमेरिकेतील दोन अभ्यासक, पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन, ह्यांनी २०१८ साली ह्या विषयावर एक ग्रंथ लिहिला. अर्जदाराला तीन प्रकारची किंमत मोजावी लागते, अशी त्यांची मांडणी आहे. ती आपल्या गल्लीला लावून पाहू.

पहिली किंमत माहिती मिळवण्याची. जन्म-मृत्यूचा दाखला, पाणी, कचरा अशी आपली बरीचशी कामे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात होतात. त्यामुळे परळची किंवा गिरगावची बाई प्रथम तिथेच जाते. पण निराधारांची पेन्शन महसूल खात्यामार्फत, म्हणजे तहसीलदार व जिल्हाधिकारी ह्यांच्यामार्फत मिळते. मुंबई शहराच्या जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय फोर्टमध्ये, जुन्या जकात घरात आहे. रेशन कार्डासाठी तिसरीकडे, शिधावाटप कार्यालयात जावे लागते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयातून घ्यावे लागते. एवढे चार दरवाजे कोणत्या क्रमाने ठोठवायचे, हे एका जागी, एका कागदावर, सोप्या मराठीत लिहिलेले तिच्या हाती कोणी देत नाही.

दुसरी किंमत पूर्ततेची. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, राज्यात १५ वर्षे राहिल्याचा पुरावा, पतीचा मृत्यू दाखला, रेशन कार्ड, आधार, बँकेचे पासबुक, फोटो. घरकाम करणाऱ्या बाईची एका फेरीला एक खाडा पडतो. तीन फेऱ्या म्हणजे तीन खाडे, बसभाडे आणि झेरॉक्स वेगळे. आपल्या भागात ह्यात आणखी दोन अडचणी आहेत. चाळींचा पुनर्विकास चालू असल्यामुळे अनेक कुटुंबे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत गेली आहेत, आणि रेशन कार्डावर मात्र जुन्या चाळीचाच पत्ता आहे. दुसरी अडचण आपल्या नावांची. बाप्तिस्म्याच्या वहीत मारिया, शाळेच्या दाखल्यावर मेरी, आधारवर लग्नानंतरचे आडनाव. डिसोझा की डिसूझा, फर्नांडिस की फर्नांडीज, हा प्रश्न संगणकाला कळत नाही. त्याला फक्त अक्षरे जुळतात की नाही एवढेच कळते.

तिसरी किंमत मनाची. 'मग इतके दिवस कशावर जगता?' हा प्रश्न खिडकीतून मोठ्याने विचारला जातो आणि मागची रांग ऐकत असते. आयुष्यभर कष्ट करून मान राखलेली माणसे ह्या एका प्रश्नाला भिऊन दुसऱ्यांदा जात नाहीत. त्यांच्या नावाची नोंद कुठेच होत नाही. अर्ज नामंजूर झाला असेही नाही, तो आलाच नाही.

ह्या तिन्ही किमतींचा एक विचित्र गुण असा की, ज्याची गरज मोठी त्याला त्या अधिक पडतात. लिहितावाचता येणाऱ्या, मोबाईल वापरणाऱ्या, हाताशी मुलगा असलेल्या माणसाला अर्ज सोपा जातो. अंथरुणाला खिळलेल्या एकट्या आजीला तो डोंगर होतो. म्हणजे गाळणी उलटी लागते आणि सर्वांत गरजू तोच गाळला जातो.

गिरणगावाला हे नवे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. पुढे घरांच्या सोडतीसाठी कामगार व वारस ह्यांच्याकडे लाल पास, तिकीट क्रमांक, ईएसआयसीचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक अशी कागदपत्रे मागितली गेली. ज्यांनी तो लाल पास ट्रंकेत जपून ठेवला त्यांचे काम पुढे सरकले. ज्यांच्या खोलीत पावसाचे पाणी शिरले किंवा ज्यांनी घर बदलताना 'आता काय उपयोग' म्हणून तो टाकून दिला, त्यांची तीस वर्षांची नोकरी सिद्ध करणे अवघड होऊन बसले.

३. जेरुसलेममधल्या विधवा

वाटपाच्या कामातली अशी चूक पहिल्या ख्रिस्तसभेतही झाली होती. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये ती हकिकत आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. त्यांनी कुरकुर केली. येथे प्रेषितांनी काय केले नाही, हे प्रथम पाहावे. त्यांनी विधवांना धीर धरा असे सांगितले नाही आणि तक्रार करणाऱ्यांना कृतघ्नही म्हटले नाही. त्यांनी सर्वांना बोलावले आणि वाटपाची व्यवस्थाच बदलली. सात जणांची निवड झाली. स्तेफन, फिलिप आणि इतर पाच, ह्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांची भाषा जाणणाऱ्यांच्या हाती काम दिले गेले.

ह्यातून तीन गोष्टी शिकाव्यात. वाटपातली चूक दुष्टपणामुळेच होते असे नाही, व्यवस्थेमुळेही होते. तक्रार ही व्यवस्था सुधारण्याची माहिती असते. आणि खिडकीच्या आत बसणाऱ्याला बाहेर उभ्या असलेल्याची भाषा आली पाहिजे.

पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९६३ च्या 'पाचेम इन तेर्रिस' ह्या परिपत्रकात आजारपण, वैधव्य आणि वृद्धापकाळ ह्या काळातील आधाराची गणना माणसाच्या हक्कांत केली आहे. हा शब्द महत्त्वाचा आहे. दान मागणारा मान खाली घालतो. हक्क मागणाऱ्याने तसे करण्याचे कारण नाही, आणि आपणही त्याला तसे करायला लावू नये.

४. २०२४ सालचा धडा

अर्ज सोपा करता येतो का? येतो. आपण सर्वांनी तो डोळ्यांनी पाहिला आहे. २०२४ च्या जून महिन्याच्या अखेरीस राज्य सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये होती. सुरुवातीला अधिवास प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला आवश्यक होता. परिणाम असा झाला की राज्यभर तहसील कार्यालयांपुढे आणि सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या, आणि दलालांचे फावले.

मग काही दिवसांतच नियम बदलले. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज उरली नाही. अधिवास प्रमाणपत्राऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालू लागला. परराज्यात जन्मलेल्या स्त्रीला महाराष्ट्रातील पतीची कागदपत्रे देता आली. जमिनीची अट काढली, वयोमर्यादा ६० वरून ६५ केली, मुदत वाढवली. दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत पैसे जमा झाले.

योजनेच्या राजकारणाविषयी ज्याचे त्याने मत बनवावे. आम्हाला येथे एवढेच दाखवायचे आहे की, जे कागद अत्यावश्यक मानले जात होते ते दोन-तीन आठवड्यांत अनावश्यक ठरले. सरकारजवळ रेशन कार्डाची माहिती आधीपासून होतीच. मग केशरी कार्ड असलेल्या विधवेला निराधार योजनेसाठी पुन्हा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला का आणावा लागावा, हा प्रश्न विचारणे रास्त आहे.

ह्या धड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घाईने उघडलेल्या दारातून नको तेही आत आले. २०२५ मध्ये पडताळणीनंतर सुमारे २६ लाख नावांचा लाभ थांबवण्यात आला, आणि त्यांत काही ठिकाणी पुरुषांनीच पैसे घेतल्याचेही उघड झाले. मग ई-केवायसी आली आणि त्यात पती किंवा वडील ह्यांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत किंवा ज्या घटस्फोटित आहेत, त्या तिथेच अडकल्या. शेवटी मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवून मृत्यू दाखला वा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय करावी लागली. फॉर्ममधला एक रकाना तयार करताना विधवेचा विचार झाला नाही, म्हणून विधवाच बाहेर राहिली.

५. दोन चुका

येथे थोडे तत्त्वज्ञान उपयोगी पडेल. मदत वाटणाऱ्या कोणत्याही कार्यालयाकडून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. अपात्राला मदत देणे ही एक, आणि पात्राला नाकारणे ही दुसरी. पहिली चूक वर्तमानपत्रात येते, लेखापरीक्षणात निघते, कारकुनाला नोटीस मिळते. दुसऱ्या चुकीची फाईलच नसते. म्हणून अधिकारी स्वभावतः पहिलीला भितो आणि एक कागद जास्त मागतो. त्याला दोष देण्याआधी हे समजून घेतले पाहिजे. पण न्यायाच्या तराजूत दुसरी चूक हलकी नाही. उपाशी राहिलेल्या माणसाला हिशेबात जागा नाही म्हणून त्याची भूक कमी होत नाही.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांचा दाखला दिला आहे. ते शिशाची पट्टी वापरत. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे, आणि म्हणून ओबडधोबड दगडही नीट मोजता येई. कायदा सर्वांसाठी एक लिहावा लागतो, पण माणसे एकसारखी नसतात. म्हणून कायद्याच्या हेतूला धरून त्याचा अर्थ लावणे ह्यालाही ॲरिस्टॉटल न्यायच म्हणतो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी त्याला सद्गुणांत स्थान दिले. हा कायदा मोडणे नव्हे. जन्मदाखला नसलेल्या आजीकडून तिच्या वयाचा दुसरा विश्वसनीय पुरावा स्वीकारणे, हे त्याचे साधे उदाहरण होय.

मात्र जिथे नियमच चुकीच्या आकड्यावर अडला आहे तिथे पट्टी वाकवून भागत नाही, नियम बदलावा लागतो. विधवा व वृद्ध अर्जदारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली आहे. म्हणजे महिन्याला १,७५०. मुंबईत चार घरची धुणीभांडी करणारी बाई ह्याहून अधिक कमावते, आणि तरी ती गरीबच असते. मग दलाल तिला सांगतो, 'कमी लिहा, सगळे लिहितात.' येथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. खोटे उत्पन्न लिहा असा सल्ला धर्मग्रामाकडून कोणालाही मिळणार नाही. पण प्रामाणिक माणसाला खोटे आणि उपास ह्यांतून निवड करायला लावणारा नियमही आपण मुकाट्याने पाहू नये. अशा वेळी लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणे, सह्या गोळा करणे, हेही ख्रिस्ती कर्तव्यच आहे.

६. महाराष्ट्राचीच एक जुनी कल्पना

गरिबी सिद्ध न करता मदत देता येते का? आपल्याच राज्याने ते करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिची खुबी अशी की, मजुराकडे उत्पन्नाचा दाखला मागितला जात नसे. उन्हात खडी फोडायला जो तयार आहे तो गरजू, एवढे पुरे होते. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना खडी फोडायला सांगता येत नाही हे खरे. तरी तत्त्व घेण्यासारखे आहे. जी गोष्ट उघड दिसते किंवा सरकारच्या दप्तरी आधीच आहे, तिचा पुरावा गरिबाकडून मागू नये. पतीच्या मृत्यूची नोंद महापालिकेत असेल तर तो दाखला सरकारच्या एका खात्याने दुसऱ्याकडून घ्यावा. एस्टोनियासारख्या छोट्या देशाने हा नियमच केला आहे: एकदा दिलेली माहिती सरकार नागरिकाकडे पुन्हा मागत नाही.

ह्याच्या जोडीला तीन साध्या अपेक्षा आहेत. कागद अपुरा असेल तर अर्ज नामंजूर न करता तो पुरा करण्यास मुदत द्यावी. नकाराचे कारण अर्जदाराला समजेल अशा मराठीत लिहावे. आणि हयातीच्या पडताळणीसाठी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खुर्चीत घालून नेण्याची वेळ न आणता कर्मचाऱ्याने घरी यावे.

७. आपल्या हाती असलेले कायदे

बरेच काही आधीच मिळालेले आहे, पण आपल्याला ठाऊक नसते. २०१५ मध्ये राज्य सरकारने बहुतेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या प्रती चालतील असे ठरवले. म्हणून कोणी स्टॅम्प पेपर आणा म्हटले तर 'कोणत्या नियमाने?' असे नम्रपणे विचारावे.

त्याच वर्षी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. त्याप्रमाणे अधिसूचित सेवेचा अर्ज दिल्यावर पोच मिळाली पाहिजे आणि ठरलेल्या मुदतीत काम झाले पाहिजे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ही मुदत १५ दिवसांची आहे. नकार दिला तर कारणासह लेखी द्यावा लागतो. त्यावर ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येते. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. दहा रुपये शुल्क भरून 'माझ्या अर्जाचे काय झाले?' हे कोणालाही विचारता येते.

पण ह्या सर्वांचा पाया एकच: पोच. तोंडी 'नंतर या' ह्याला अपील नाही. तारीख आणि शिक्का असलेला कागद जपून ठेवा.

८. धर्मग्रामाने काय करावे?

पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २००५ च्या 'देउस कारितास एस्त' ह्या परिपत्रकात ख्रिस्तसभेने शासनाची जागा घेऊ नये आणि न्यायासाठीच्या धडपडीत बाजूलाही उभे राहू नये, असा विचार मांडला आहे. त्याला धरून आम्ही असे सुचवतो की, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर तासभर एक 'अर्ज-साहाय्य टेबल' असावे. बँक, रेल्वे, पोस्ट, महापालिका ह्यांतून निवृत्त झालेले आपले अनेक बांधव आहेत. फायलीची भाषा त्यांना येते. तरुणांना मोबाईल आणि पोर्टल येते. दोघे एका टेबलावर बसले तर पुष्कळ होईल. काही नियम मात्र पक्के असावेत:

• अर्ज अर्जदाराच्या समोरच भरावा आणि सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी तो पूर्ण वाचून दाखवावा.
• मूळ कागद ठेवून घेऊ नयेत. प्रत काढून लगेच परत द्यावेत.
• ओटीपी किंवा बँकेचा पिन कोणीही विचारू नये, कोणी सांगू नये.
• एक रुपयाही घेऊ नये. चहासुद्धा आपलाच.
• अर्जाची तारीख, पोच क्रमांक आणि मुदत वहीत लिहावी. मुदत संपली की अर्जदाराने नव्हे, आपण आठवण ठेवावी.
• टेबलावर ऐकलेले घरी किंवा गल्लीत बोलू नये.
• शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याला खुर्ची द्यावी.

घरोघरी आजच करता येण्यासारखी कामेही आहेत. आई-वडिलांचे आधार, पासबुक, रेशन कार्ड आणि जुने दाखले एकदा समोर मांडून नावे व जन्मतारखा जुळतात का ते पाहा. तफावत असेल तर गरज पडण्याआधीच दुरुस्त करून घ्या. नाव बदलून राजपत्रात छापून घेण्याची सोयही आहे. बाप्तिस्म्याचा वा लग्नाचा दाखला लागल्यास चर्चच्या कार्यालयात सांगा, जुन्या वह्या शोधून दाखला देऊ. तो कोणत्या कामाला चालेल ते मात्र संबंधित कार्यालयात आधी विचारून घ्यावे. आणि रेशन कार्डावरचा चाळीचा जुना पत्ता बदलायचा राहिला असेल तर ते काम उद्यावर टाकू नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या इमारतीत किंवा चाळीत मदतीस पात्र असूनही अर्ज न केलेले कोण आहे? तिन्ही किमतींपैकी कोणती त्यांना अडवते?
२. आपल्यापैकी कोणी सरकारी वा खासगी कार्यालयात खिडकीच्या आत बसत असल्यास, आपण मागत असलेला एखादा कागद कमी करता येईल का?
३. उत्पन्नाच्या मर्यादेबाबत लोकप्रतिनिधीला पत्र लिहायचे झाल्यास त्यात काय लिहावे?
४. टेबलावर महिन्यातून एक तास कोण देऊ शकेल? नावे लघु ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखांकडे द्यावीत.

प्रभू आपल्या घरांना आणि आपल्या शेजाऱ्यांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू